पैसे कोणाच्या हातात? बौद्धिक दिव्यांग व्यक्ती, पैशाचे व्यवहार आणि बँक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आई-वडील विचारतात, बहीण-भाऊ विचारतात, विशेष शिक्षक आणि बँकेतले कर्मचारी विचारतात. ज्यांच्या पैशांबद्दल हे सगळं चाललेलं असतं ती माणसंही विचारतात, फक्त त्यांना उत्तर द्यायला सहसा कोणी थांबत नाही. त्यांचा प्रश्न शेवटी घेतला आहे आणि त्याचं उत्तर त्यांनाच वाचता येईल अशा भाषेत लिहिलं आहे.

बौद्धिक दिव्यांग म्हणजे नेमकं कोण?

वाढीच्या वयातच ज्यांना शिकण्यात, तर्क करण्यात आणि रोजचे व्यवहार सांभाळण्यात ठळक अडचण येते, आणि ती पुढेही राहते, अशी माणसं. मानसिक आजार वेगळा, म्हातारपणचा स्मृतिभ्रंशही वेगळा. 'मतिमंद' हा शब्द आता वापरू नये. भारताच्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'बौद्धिक दिव्यांगता' असाच उल्लेख आहे.

पैशांच्या बाबतीत बुद्ध्यांकाचा आकडा फारसं काही सांगत नाही. "याला पैसे कळतात का?" असं विचारण्यापेक्षा "पैशांतलं याला काय काय कळतं?" असं विचारावं. एखाद्याला नोटा ओळखता येतात पण सुटे मोजता येत नाहीत. एखादीला सुटे बिनचूक मोजता येतात, पण कोणी मागितले की 'नाही' म्हणता येत नाही. दोघांमध्ये जास्त धोका दुसरीला आहे, आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर मात्र 'गणित चांगलं' असा शेरा असतो.

मुलाला शंभरापर्यंतही मोजता येत नाही. त्याच्या नावानं खातं काढून काय उपयोग?

खातं उघडणं ही गणिताची परीक्षा नाही. व्याज कसं मोजतात हे कागदावर मांडून दाखवता न येणारी असंख्य माणसं बँकेत व्यवहार करतात आणि त्यांना कोणी अडवत नाही.

खात्याचा पहिला उपयोग असा, की त्याचे पैसे त्याचे म्हणून दिसतात. पगार, भत्ता, कोणी ठेवून गेलेली रक्कम, हे सगळं दुसऱ्याच्या खात्यात जमा होत राहिलं की हळूहळू घरखर्चात विरघळतं. त्यात कोणाचा वाईट हेतू असायलाच हवा असं नाही. वीस वर्षांनी मात्र "माझे पैसे किती?" या प्रश्नाला घरात कोणाकडेच उत्तर नसतं. दुसरा उपयोग शिकण्याचा. खातं हाताळल्याशिवाय ते हाताळायला येत नाही. पोहणं काठावर बसून शिकवता येत नाही, तसंच हे आहे.

शिकवायला सुरुवात कुठून करायची?

मोजण्यापासून करू नका. आपण सगळे ही चूक करतो, मीही पुष्कळ वर्षं केली. आधी नाणी ओळख, मग बेरीज, मग वजाबाकी, मग सुटे परत घेणं, आणि हे सगळं आलं की मग दुकान. या क्रमात कित्येक मुलं बेरजेपाशीच अडकतात आणि दुकानापर्यंत कधी पोहोचतच नाहीत.

सुरुवात अदलाबदलीपासून करा. पैसे दिले की वस्तू मिळते, आणि दिलेले पैसे आपल्याकडे राहत नाहीत. एवढी एक गोष्ट पक्की झाली की पुढचं बरंच सोपं होतं. त्यासाठी रोज एकच छोटी खरेदी, एकाच ठिकाणी, त्याला हवी असलेल्या वस्तूची. पैसे त्याच्या हातात, वस्तू त्याच्या हातात, पावतीही त्याच्याच हातात. तुम्ही दोन पावलं मागे उभे.

मग काम पायऱ्यांत तोडा. एटीएममधून पैसे काढणं हे एक काम वाटतं, पण लिहून काढलं तर दहा-बारा पायऱ्या निघतात: कार्ड कोणत्या बाजूनं घालायचं, भाषा निवडायची, आकडे दाबताना दुसरा हात आड धरायचा, रक्कम, खात्री, पैसे, कार्ड, पावती, सगळं आत ठेवणं. यातली शेवटची पायरी आधी शिकवा. बाकीचं तुम्ही करा, पैसे उचलून पाकिटात ठेवण्याचं काम त्याचं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरीही त्याच्याकडे द्या. असं मागून पुढे आलं की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं, आणि काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला मिळतो. पुढून मागे गेलं तर प्रत्येक वेळी मध्येच कोणीतरी त्याच्या हातातून काम काढून घेतं. विशेष शिक्षणात ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे.

मदत कमी कशी करत जायची, हेही आधीच ठरवून ठेवा. आज हात धरला असेल तर पुढच्या आठवड्यात फक्त बोट दाखवायचं, मग फक्त "पुढे काय?" विचारायचं, मग गप्प राहायचं. गप्प राहणं सर्वांत अवघड जातं, आणि ते आपल्याला. मागे रांग असते, लोक बघत असतात, आपला हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्या.

खेळण्यातल्या नोटांवर सराव चालेल का?

नाही. शिकलेली गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं हीच तर या मुलांची मोठी अडचण असते. वर्गातल्या कागदी नोटेवर शिकलेलं वर्गातच राहतं. खऱ्या नोटा, खरं दुकान, खरं यंत्र वापरा. रक्कम लहान ठेवा, पण खरी ठेवा.

सुटे मोजायला कधीच आलं नाही तर?

तर मोजू नका, 'पुढची नोट' ही युक्ती शिकवा. बिलावर लिहिलेली रक्कम दोन आकडी असेल तर डावीकडचा आकडा पाहायचा, त्याच्या पुढचा आकडा म्हणायचा आणि तेवढ्या दहाच्या नोटा द्यायच्या. ३४ दिसलं की चार नोटा, ५३ दिसलं की सहा. जास्त दिलेलं परत येतं. बेरीज-वजाबाकी कसलीच नाही.

आकडा ऐकून नव्हे, पाहून ओळखायला शिकवा, हे मराठी घरांत मुद्दाम सांगावं लागतं. आपल्या भाषेतले अंक ऐकायला फार कठीण आहेत. 'त्रेपन्न'मध्ये 'पाच' ऐकू येत नाही. 'एकोणचाळीस'मध्ये चाळीस ऐकू येतं आणि रक्कम तिसातली असते. म्हणून "किती झाले ते मला लिहून दाखवा" हे एक वाक्य पाठ करून घ्या. पुष्कळ बेरजांपेक्षा हे वाक्य उपयोगी पडतं.

बचत कशी समजवायची?

'भविष्य' हा शब्द वापरू नका, त्याचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही. वस्तू दाखवा. हेडफोन हवेत ना? त्यांचा फोटो पारदर्शक डब्यावर चिकटवा, किंमत जितक्या भागांत जमणार असेल तितके चौकोन आखा आणि दरवेळी पैसे टाकले की एक चौकोन रंगवा. चौकोन दहाच्या आसपास असू द्या. पहिलं ध्येय महिन्याभरात हाती लागलं पाहिजे. ते मिळालं की दुसरं लांबचं चालतं.

घरात तीन पाकिटं ठेवण्याची पद्धतही चांगली आहे: 'द्यावेच लागतात', 'मला हवेत म्हणून', 'नंतरसाठी'. पगार आला की आधी पहिलं पाकीट भरायचं. याच तीन पाकिटांचं पुढे बँकेत रूपांतर करता येतं. भाडं किंवा वीजबिलासारखी ठरलेली देणी खात्यातून आपोआप जातील अशी सूचना देऊन ठेवायची, खर्चाचे पैसे कार्डवाल्या छोट्या खात्यात आणि बचत तिसरीकडे, जिथं कार्ड पोहोचत नाही. पाकिटं कळली असतील तर खाती कळतात.

तिनं सगळे पैसे एका दिवसात फालतू गोष्टीवर उडवले तर?

आधी स्वतःला विचारा, मी असं कधी केलेलं नाही का? इंग्लंड-वेल्सच्या २००५च्या मानसिक क्षमता कायद्याच्या पाच तत्त्वांपैकी एक तत्त्व नेमकं हेच सांगतं: एखाद्यानं शहाणपणाचा नसलेला निर्णय घेतला म्हणून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. मूर्ख खरेदीची मुभा फक्त ज्यांच्याकडे निदानाचा कागद नाही त्यांनाच का असावी?

काम आपलं एवढंच, की चूक परवडणारी असावी. म्हणूनच पाकिटं वेगळी आणि खाती वेगळी. 'मला हवेत' या पाकिटातले पैसे संपले, तर पुढच्या पगारापर्यंत ते रिकामं राहू द्या. जेवण आणि औषधं दुसऱ्या पाकिटातून चालूच राहतात. गुपचूप भरून देऊ नका. आणि "बघ, मी सांगितलं होतं" हेही म्हणू नका. रिकामं पाकीट ते स्वतःच सांगतं.

कायद्यानं खातं उघडण्याचा हक्क आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. त्याचं १२वं कलम सांगतं, की कायद्यापुढे दिव्यांग व्यक्ती इतरांइतकीच समर्थ व्यक्ती आहे. मालमत्ता बाळगणं, ती वारशानं मिळणं, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः चालवणं आणि बँकेचं कर्ज इतरांच्या बरोबरीनं मिळणं हे सगळं त्याच कलमात शब्दशः आहे. 'बौद्धिक दिव्यांग सोडून' असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. उलट अशा व्यक्तींना त्यांचा निर्णय घेण्यासाठी लागेल ती मदत मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. २०१४मध्ये या कराराच्या समितीनं आपल्या पहिल्या सामान्य टिप्पणीत हे आणखी स्पष्ट केलं: दुसऱ्यानं त्यांच्या वतीनं निर्णय घेण्याची व्यवस्था बाजूला सारून, मदतीनं स्वतः निर्णय घेण्याची व्यवस्था आणा.

काही देशांनी हे मनावर घेतलं. पेरूनं २०१८मध्ये, कोलंबियानं २०१९मध्ये आणि स्पेननं २०२१मध्ये आपले पालकत्वाचे, म्हणजे दुसऱ्या कोणाला अशा व्यक्तीच्या वतीनं निर्णय घेऊ देणारे, कायदे मुळापासून बदलले. आयर्लंडचा २०१५चा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला एप्रिल २०२३ उजाडला. तिथं आता मदतीच्या पायऱ्या आहेत: समजून घ्यायला मदत करणारा, सोबत मिळून निर्णय घेणारा, आणि अगदी गरज असेल तिथंच न्यायालयानं नेमलेला प्रतिनिधी.

भारतानं करार २००७मध्ये मान्य केला. २०१६च्या कायद्याच्या १३व्या कलमात मालमत्ता, आर्थिक व्यवहार आणि कर्ज यांचे हक्क आले आहेत. १४व्या कलमात 'मर्यादित पालकत्व' आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारं. त्यासोबतच १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदाही आहे. तो बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी स्थानिक स्तरीय समितीमार्फत पालक नेमतो.

बँक म्हणते, पालकत्वाचा कागद आणल्याशिवाय खातं मिळणार नाही. आणावा का?

लगेच धावू नका. आधी विचारा, हा कागद नेमका कशासाठी लागतो आहे? व्यक्ती सज्ञान आहे, स्वतः समोर बसली आहे, "मला पैसे ठेवायचे आहेत" असं तिच्या पद्धतीनं सांगते आहे. तर साधं बचत खातं मदतीनं उघडता यायला हवं. बँकेनं नकार दिला तर तो कारणासह लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा शाखेतला सूर बदलतो. नाहीच बदलला तर तोच कागद वरच्या तक्रारीत लावता येतो.

काही व्यक्तींना फार जास्त मदत लागते आणि तिथं पालकत्व हाच व्यवहार्य मार्ग उरतो, हेही खरं आहे. भारतात राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या समितीनं दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र खातं उघडण्या-चालवण्यासाठी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेनं २००७मध्येच बँकांना कळवलं आहे. पण कागद करण्याआधी त्याचं वजन ओळखा. या कायद्याखाली पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि मग दर आर्थिक वर्षाचा हिशेब द्यायचा असतो. पालकत्व म्हणजे मालकी नव्हे, कामगिरी आहे. ती नीट पार पाडली नाही तर पालकाला दूरही करता येतं.

माझं मत स्पष्ट आहे: कागद करायचाच असेल तर शक्य तितका अरुंद करा. 'सर्व आर्थिक व्यवहार' असं लिहिण्याऐवजी 'घराची विक्री' किंवा 'वारशानं आलेल्या ठेवीची गुंतवणूक' असं नेमकं लिहा. रोजचं पाकीट त्यात ओढू नका.

मदत करणं आणि ताबा घेणं यांतला फरक कसा ओळखायचा?

मदत करणारा आधी समजावतो, मग थांबतो, मग विचारतो, आणि उत्तर न पटलं तरी ते मान्य करतो. ताबा घेणारा आधी ठरवतो आणि मग सही घेतो.

समजलं की नाही हे तपासताना "समजलं ना?" असं विचारू नका. त्याला कोणीही 'हो' म्हणतं, आणि ज्यांना आयुष्यभर 'शहाण्यासारखं वाग' ऐकत राहावं लागलं ती माणसं तर हमखास म्हणतात. "आता हे मला तू सांग, काय होणार आहे?" असं विचारा. तेच पर्याय उलट्या क्रमानं पुन्हा ठेवून पाहा. दोन्ही वेळा दुसराच पर्याय निवडला असेल, तर त्यानं पर्याय निवडलेला नाही, शेवटचं ऐकलेलं निवडलंय.

ज्याचा स्वतःचा फायदा गुंतला आहे त्यानं त्या व्यवहारात मदतनीस होऊ नये. भारताच्या २०१६च्या कायद्याच्या १३व्या कलमात हे थेट लिहिलं आहे: हितसंबंध आड येत असतील तर मदत करणाऱ्यानं त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं. तिच्या हिश्श्याचं घर भावाला विकत घ्यायचं असेल, तर त्या दिवशी तिच्या शेजारची खुर्ची भावाची नसावी. भाऊ कितीही सज्जन असला तरी. आणि मदतनीस बदलण्याचा हक्क तिचा असतो, हेही त्याच कलमात आहे.

संयुक्त खातं काढलं की प्रश्न मिटला ना?

सोय होते, प्रश्न मिटत नाही. दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल अशी रचना असेल, तर पैसे कोणाचे हे खात्यावरून सांगता येत नाही. दुसऱ्या खातेदाराचं कर्ज, घटस्फोट, मृत्यू, सगळ्याची झळ त्या पैशांना लागू शकते. त्यापेक्षा खातं तिच्या एकटीच्या नावावर, आणि विश्वासातल्या माणसाला फक्त पाहण्याची सोय किंवा व्यवहाराचा संदेश, ही रचना जिथं मिळेल तिथं जास्त चांगली. मोठ्या रकमेसाठी दोघांच्या सह्या लागतील असं वेगळं ठेव खातं काढता येतं.

पिन लक्षात राहत नाही, सही दरवेळी वेगळी येते. काय करावं?

पिन अनेकदा आकड्यांपेक्षा बोटांना आठवतो. कीपॅडवरचा आकार शिकवा: वर, खाली, बाजूला. मात्र सगळी यंत्रं सारखी नसतात, म्हणून हे प्रत्यक्ष यंत्रावरच करा. पिन कागदावर लिहून कार्डासोबत ठेवू नका. ठसा किंवा चेहरा ओळखून उघडणारा फोन असेल तर तो मार्ग सोपा.

सहीसाठी मात्र हट्ट धरू नका. जुळत नसेल तर अंगठा, ठसा किंवा फोटो-ओळख यांची नोंद पहिल्याच दिवशी करून घ्या. जुळत नाही म्हणून धनादेश परत येणं आणि त्यासाठी काउंटरवर सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा सही करायला लावणं, हा अपमान टाळता येण्यासारखा आहे.

मी बँकेत काउंटरवर काम करते. अशी व्यक्ती आली तर नेमकं काय करू?

तिच्याकडे बघून बोला, सोबत आलेल्याकडे नव्हे. बाकीचं सगळं यातून येतं.

एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा. मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता तुम्हाला जड जाईल, तिला लागते. 'केवायसी', 'शिल्लक', 'डेबिट' असे शब्द टाळून "तुम्ही कोण आहात हे दाखवणारा कागद", "खात्यात उरलेले पैसे", "गेलेले पैसे" असं म्हणा. गर्दीची वेळ कोणती आणि निवांत वेळ कोणती हे सांगून ठेवा. शक्य असेल तर दरवेळी तोच कर्मचारी भेटेल असं बघा. फॉर्म तुम्ही भरत असाल तर काय लिहिलं ते वाचून दाखवा.

नेहमी थोडे पैसे काढणारी व्यक्ती एक दिवस मोठी रक्कम मागायला आली आणि सोबत अनोळखी, घाईत असलेला माणूस असेल, तर तिच्याशी दोन मिनिटं एकटीशी बोला. हरकत घ्यायची नाही, विचारायचं: "हे पैसे कशासाठी हवेत, मला सांगाल?"

पत्रकं आणि अ‍ॅप सोपी करायची म्हणजे काय करायचं?

पत्रकासाठी 'सोपं वाचन' ही पद्धत रूढ आहे. लहान वाक्यं, एका वाक्यात एकच मुद्दा, मोठा टाइप, प्रत्येक मुद्द्याशेजारी अर्थ सांगणारं चित्र, आणि अवघड शब्द आलाच तर तिथल्या तिथं त्याचा अर्थ. इन्क्लुजन युरोप या संघटनेच्या मानकांत एक अट आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: मजकूर तयार करताना बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना सोबत घ्यायचं. त्यांना न दाखवता 'सोपं' केलेलं पत्रक बहुधा फक्त लहान झालेलं असतं.

संकेतस्थळं आणि अ‍ॅप यांसाठी आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिका आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३मध्ये आली. लॉगिन करताना पासवर्ड आठवणं किंवा कोडं सोडवणं हा एकमेव मार्ग असू नये, असा निकष त्यात आहे. पैशांच्या व्यवहारात पाठवण्याआधी तपासायची, चूक सुधारायची किंवा व्यवहार मागे घ्यायची सोय हवी, असा निकष त्याआधीपासूनच आहे. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५पासून लागू झाला. ग्राहकांना द्यायची बँकेची माहिती ठरलेल्या भाषिक पातळीपेक्षा अवघड असू नये, असं त्यात नमूद आहे. भाषेच्या अवघडपणाला कायद्यानं मर्यादा घालता येते, हे इतर बँकांनी पाहावं.

ज्या अ‍ॅपमध्ये दर दोन महिन्यांनी बटणांच्या जागा बदलतात, ते अ‍ॅप पाठ करून शिकलेल्या माणसाकडून दर दोन महिन्यांनी त्याचं खातं काढून घेतं. बदल करायचाच असेल तर जुनी मांडणी काही काळ ठेवा.

फसवणुकीपासून कसं वाचवायचं?

अनोळखी फोनपेक्षा 'मित्रां'ची काळजी जास्त करावी लागते. एकटा माणूस मैत्रीसाठी भुकेला असतो आणि हे ओळखणारे लोक जवळ येतात. आधी सोबत फिरतात, मग "आज तू दे", मग रोजच तो देतो, मग कार्डच त्यांच्याकडे राहतं. त्याला हे कळत नाही असं नाही. पुष्कळदा कळतं, पण पैसे गेले तरी मित्र राहील असं त्याला वाटतं. म्हणून "ते वाईट आहेत, भेटू नकोस" एवढंच सांगून उपयोग होत नाही. त्याच्या आयुष्यात दुसरी माणसं यावी लागतात.

नियम थोडे आणि ठाम असावेत. पिन कोणालाच सांगायचा नाही, बँकेलाही नाही. फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवायचा नाही. घाई करणाऱ्याला "मी उद्या सांगतो" म्हणायचं. हे शेवटचं वाक्य घरी नाटक करून घ्या. तुम्ही मागणारे व्हा, आधी गोड, मग रागावलेले, मग रडवेले. तिन्ही वेळा त्याच्या तोंडून "उद्या सांगतो" आलं पाहिजे. कार्डाची रोजची मर्यादा कमी ठेवणं, प्रत्येक व्यवहाराचा संदेश येणं आणि कार्ड तात्पुरतं बंद करण्याचं बटण माहीत असणं, हे तर हवंच.

आणि फसवणूक झालीच, तर पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हे असावं. पहिल्यांदा ओरडा बसला की दुसऱ्या वेळी सांगितलं जात नाही.

नातेवाईकच तिचे पैसे वापरत असतील तर?

खुणा साध्या असतात. भत्ता जमा होतो पण तिचे कपडे जुनेच. तिला शिल्लक विचारली की ती आधी कोणाच्या तरी तोंडाकडे बघते. पासबुक 'सांभाळायला' दुसरीकडे असतं. घरातली माणसं "आम्हीच तर तिचं करतो" म्हणतात, आणि ते खरंही असतं. तिच्या जेवणा-राहण्याचा वाटा तिच्या पैशांतून घेणं गैर नाही. तो किती, हे ठरवून लिहून ठेवलेलं नसणं गैर आहे. आधी हिशेब मागा, नरमाईनं. मिळाला नाही तर खातं कोण आणि कसं चालवणार याच्या सूचना बदलण्यासाठी बँकेत अर्ज, आणि त्यानंतर पालक नेमणारी समिती किंवा न्यायालय.

बचत वाढली तर सरकारी मदत बंद होते का?

काही देशांत होते, म्हणून आधी नियम वाचा. अमेरिकेत 'पूरक सुरक्षा उत्पन्न' हा सरकारी भत्ता घेणाऱ्या एकट्या व्यक्तीच्या मालमत्तेची मर्यादा १९८९पासून २,००० डॉलरवरच आहे. त्यातून मार्ग म्हणून तिथं २०१४च्या कायद्यानं वेगळी बचत खाती सुरू झाली. त्यांतली ठरावीक रकमेपर्यंतची बचत या मर्यादेत धरली जात नाही. कॅनडात २००८पासून दिव्यांगांसाठी नोंदणीकृत बचत योजना आहे. तिच्यात पात्र व्यक्तीच्या बचतीला सरकारही भर घालतं.

कर्जासाठी जामीन राहायला सांगितलं तर?

त्या दिवशी सही नाही. त्रयस्थ माणसाकडून, तिच्या भाषेत, 'तो फेडणार नाही तेव्हा तुझे पैसे जातील' हे समजावून झाल्यावरच पुढचा विचार.

आमच्या पश्चात काय?

रात्री झोप न लागू देणारा प्रश्न हाच. न्यास, मृत्युपत्र, नॉमिनी यांसाठी वकिलाकडे जा. ते काम आजच सुरू करा, आणि मृत्युपत्रात तिचा हिस्सा 'भाऊ बघेल' या भरवशावर सोडू नका.

पण वकील देऊ शकणार नाही अशी एक गोष्ट तुम्हीच तयार करायची आहे: तिच्या पैशांची वही. कोणती खाती, कोणती देणी आपोआप जातात, ती कशावर आनंदानं खर्च करते, कोणत्या पायरीला अडते, 'हो' खरं असतं तेव्हा ती कशी दिसते आणि भिऊन म्हणते तेव्हा कशी. पुढे जो कोणी शेजारी बसेल त्याला हे ठाऊक नसेल, तर तो चांगल्या मनानंही ताबाच घेईल. वही तिच्यासोबत बसून लिहा. आणि मदतीला एकच माणूस नको, तीन-चार जण असू द्या, एकमेकांचं काम दिसेल असे.

"मला माझं कार्ड हवं आहे. घरचे नाही म्हणतात. मी काय करू?"

तुमचे पैसे तुमचे आहेत.
कार्ड मागणं चूक नाही.

घरच्यांना भीती वाटते.
पैसे हरवतील, कोणी फसवेल, असं त्यांना वाटतं.
त्यांना विचारा: "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

मग सांगा: "आपण थोड्या पैशांनी सुरुवात करू."
एका छोट्या खात्यात थोडेच पैसे ठेवा.
कार्ड त्या खात्याचं घ्या.

तुमच्या विश्वासाचं एक माणूस निवडा.
ते घरचंच हवं असं नाही.
त्यांना बँकेत सोबत न्या.

बँकेत तुम्ही बोला.
समजलं नाही तर म्हणा: "पुन्हा सांगा. हळू सांगा."
समजल्याशिवाय सही करू नका.

पिन कोणाला सांगू नका.
मित्रालाही नाही.

पहिल्या दिवशी थोडे पैसे काढा.
पावती घ्या.
पावती घरी कोणाला दाखवायची, ते तुम्ही ठरवा.